स्वयंपाकघराखालचा जिना

छत्रीमावशीकडे स्वतःची छत्री कधीच नव्हती. नाव पडलं ते नोकरीमुळे. बस आगारात सापडलेल्या वस्तूंची एक खिडकी होती, तिच्यामागे मावशीची सगळी हयात गेली. आणि माणसं बसमध्ये सगळ्यांत जास्त काय विसरत असतील, तर छत्र्या. त्याखालोखाल जेवणाचे डबे, मग चष्मे, मग कवळ्या. कवळी विसरून माणूस घरी पोचतोच कसा आणि पोचल्यावर बायकोला काय सांगतो, हे कोडं मावशीला निवृत्त होईपर्यंत सुटलं नाही.

खिडकीवर येणारा प्रत्येक जण वस्तू आपलीच म्हणायचा. त्यातला खरा कोण, हे ओळखायची मावशीची एक रीत होती. ज्याची वस्तू खरोखर हरवली आहे, त्याला ती धड सांगताच येत नाही. काळी छत्री हरवलेला माणूस छातीठोकपणे निळी म्हणतो. सात नंबरच्या बसमध्ये राहिली म्हणतो, ती निघते नऊ नंबरमध्ये. पण बोलता बोलता, कोणी विचारलेलं नसताना, सहज म्हणून जातो, "उघडताना जपून हं, तिचं बटण बोटाला चिमटतं." झालं. मावशी उठायची आणि छत्री आणून हातात ठेवायची. उलट ज्याला रंग, लांबी, दांड्यावरचं नाव सगळं कसं घडाघडा पाठ, त्याच्याकडे ती चष्म्याच्या वरून बघायची. असा माणूस काचेतून आधी वस्तू बघून आलेला असायचा.

या रीतीने ती कधी फसली नाही असं नाही. एकदा एक गृहस्थ चिमटणाऱ्या बटणाची खूण सांगून भलत्याचीच छत्री घेऊन गेले. गृहस्थ खोटे नव्हते. दोन्ही छत्र्या एकाच कारखान्यातल्या आणि दोन्ही चिमटणाऱ्या. तेव्हापासून मावशी म्हणायची, "खूण पटली म्हणजे माणूस खरा. वस्तू त्याचीच की नाही, ते देव जाणे."

तिची थोरली बहीण, ताई, गावातच मुलाकडे राहायची. नवरा गेल्यावर मावशी एकटी होती, पण बहिणीचं घर चार गल्ल्या पलीकडे, त्यामुळे एकटेपणाला फारशी उसंत मिळाली नव्हती. दोघी एका लष्करी तळावर वाढलेल्या. वडील तिथे विमानांच्या यंत्रांची दुरुस्ती करायचे. ताई दहा वर्षांची आणि मावशी चारची असताना वडिलांची बदली झाली आणि तळ सुटला. पुढे तो तळच बंद झाला. त्याची जमीन विषारी झाली आहे, पाणी बिघडलं आहे, असं वर्तमानपत्रात येऊन गेलं, कुंपणावर कवटीच्या पाट्या लागल्या, आणि लोक तो विसरूनही गेले.

ताई मात्र विसरेना. म्हणजे इतकी वर्षं विसरली होती आणि आता एकाएकी आठवू लागली. आठवणं म्हणजे कसलं, दुपारी सगळे कामावर गेले की ती लाटणं घेऊन स्वयंपाकघरात फतकल मारून बसायची आणि फरशी ठोकायची. ठोकायची आणि कान लावायची. एके दिवशी सूनबाई दुपारी लवकर घरी आली तर ओट्याखालच्या फरश्या उचकटलेल्या, आणि सासूबाई मातीत हात घालून बसलेल्या.

"आई, हे काय चाललंय?"

"जिना शोधतेय," ताई म्हणाली. "इथेच होता. तुम्ही बुजवलात का?"

भाचा समजूतदार. आधी त्याने हसण्यावारी नेलं, मग समजावलं, मग आवाज चढवला, मग चढवल्याबद्दल रडला. हे घर त्याने स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. पायाखाली खडक आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, उतारवयात स्मरणाला भोकं पडतात आणि मन त्या भोकात आपल्या पदरचं काहीबाही भरतं. बोलणाऱ्याला ते खरंच वाटतं. आज फरशी उकरतात, उद्या घराबाहेर पडतील, लक्ष ठेवा. आणि घरात लक्ष ठेवायला दिवसभर माणूस नव्हतं. शेवटी गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जागा मिळाली. येत्या सोमवारी ताईला तिथे न्यायचं ठरलं. मावशीने आपल्याकडे नेलं असतं, पण तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि ताईचे गुडघे पहिल्याच जिन्याला हात जोडणारे.

हे सगळं ठरल्यावर मावशी ताईकडे जाऊन बसली. दोघी शेंगा सोलत होत्या.

"ताई, कसला गं जिना?"

"आपल्या तळावरच्या घरातला. स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या बाजूला लोखंडी झाकण होतं. ते उचललं की खाली दगडी जिना. आणि खाली हिरवी खोली. काय ऊब असायची. भिंतीवर तांबडे मासे."

"मला नाही आठवत."

"तुला काय आठवणार? तुला तेव्हा स्वतःच्या नाकाची शुद्ध नव्हती."

मावशीला तळाचं आठवायचं ते एवढंच: भोंगा व्हायचा, वडिलांच्या कपड्यांना एक गोडसर वास यायचा, आणि सगळी घरं सारखी होती. जिना नाही, मासे नाहीत. घराखाली खोली असती तर आईने जन्मात एकदा तरी विषय काढला असता. मावशी मनाशी म्हणाली, हे काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात तेच असावं. सोमवार आला की आपणच जाऊन ताईची पिशवी भरावी. सूनबाईला दोष कशाला?

आणि तेवढ्यात ताई, नख शेंगेच्या शिरेत रुतवत, आपल्याच नादात म्हणाली, "तिसरी पायरी सोडायला लागायची. नव्हतीच ती. आई वरून ओरडायची, 'तिसरी सोडा गं, तिसरी सोडा.' तुला मी काखेत धरून उतरवायचे."

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. खिडकीवरची सवय: चिमटणारं बटण आलं की मध्ये तोंड घालायचं नाही.

*

योग असा की त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात सूचना आली होती. तळाची माती खणून काढणार, इमारती पाडणार. त्याआधी ज्यांना जुनं घर बघायचं असेल त्यांनी शनिवारी फाटकावर यावं. मावशीने भाच्याला सांगितलं, मी जाते.

"मावशी, तिथे विषारी हवा आहे म्हणतात."

"अरे, मी जन्मभर आगारात बसचा धूर खाल्लाय. आता मला फुलांचा वास सोसत नाही."

"आणि जिना नाही सापडला तर?"

"तर आईची पिशवी मी भरीन आणि तिला पोचवायलाही मीच येईन. आणि सापडला तर?"

"सापडला तर बघू."

"बघू नको. सांग."

भाचा बायकोकडे बघत राहिला. सूनबाई पोळीवर ठेवलेलं लाटणं बाजूला करत म्हणाली, "सापडला तर सोमवार रद्द. पण मावशी, खरं सांगायचं हं. आईंच्या प्रेमापोटी जिना घेऊन येऊ नका."

"मी सापडलेलं ते सापडलेलं म्हणून दिलंय, बाई. आजवर घरून आणून दिलं नाही काही."

तळाच्या फाटकावर दहा-बारा म्हातारी माणसं जमली होती. सगळ्यांना बुटांवर चढवायला कागदी पिशव्या आणि नाकावर बांधायला मास्क दिले. बरोबर एक पहारेकरी, आणि एक गोलमटोल गृहस्थ. त्यांच्या गळ्यात हवा मोजायचं यंत्र लटकत होतं, ते मधूनमधून टिक टिक करायचं. सगळे त्यांना मीटरवाले म्हणत. मीटरवाल्यांना सडकून सर्दी झालेली.

"हात लावायचा नाही, बसायचं नाही, काही उचलायचं नाही, पाण्याची तोटी फिरवायची नाही, आणि जमिनीखाली असेल अशा कुठल्याही जागेत उतरायचं नाही," त्यांनी नियम सांगितले आणि शिंकले.

"आणि शिंकायचं?" मावशीने विचारलं.

"ते मी करतोय तेवढं पुरे."

आत गेल्यावर मावशीची उत्सुकता तिच्या पायांच्या पुढे धावू लागली. वाट सरळ, दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी, बुटक्या, करड्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. खिडक्यांच्या चौकटी गेलेल्या, अंगणात कमरेइतकं गवत. गवत मात्र हिरवंगार. विषाचं त्याला सोयरसुतक नव्हतं. भिंतीवरचे घरांचे आकडे अर्धेअधिक उडालेले, त्यामुळे जो तो भलत्याच घरात शिरत होता. एक आजोबा एका दारात उभे राहून हुंदके देऊन रडले. मग बायकोने दाखवलं की हे आपलं नव्हे, तर डोळे पुसून शेजारच्या घरी गेले आणि पुन्हा पहिल्यापासून रडले. कोणी हसलं नाही. तळावर हे जुनंच होतं. संध्याकाळी दमून आलेला माणूस दुसऱ्याच्याच घरात जाऊन बूट काढायचा, आणि ती बाई त्याला चहा पाजून त्याच्या घरी धाडायची.

मावशीचं घर कोपऱ्यावरचं, म्हणून बिनचूक सापडलं. ती आत गेली. दार इतकं ठेंगणं कसं, असं तिला वाटलं. मग लक्षात आलं, तिने ते नेहमी खालून बघितलेलं. पहिली खोली, दुसरी खोली, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघर म्हणजे एक कोनाडा. चूल होती तिथली भिंत अजून काळी. मावशी डाव्या बाजूला गेली. सिमेंटची सलग जमीन. फट नाही, झाकण नाही. तिने टाच आपटली. भरीव.

"काय शोधताय?" मीटरवाले दारात आले.

"जिना."

"कुठला जिना?"

"खाली जाणारा. बहिणीला आठवतोय."

मीटरवाल्यांनी मान हलवली. "या घरांना तळघर नाही, बाई. एकाही नाही. जमीन साफ करायची म्हणून आम्ही सगळ्यांचे पाये तपासलेत."

मावशीने समोरच्या ओळीतलं घर बघितलं. समोरची घरं आरशातल्यासारखी उलटी, डावं ते उजवं. तिथेही सिमेंट. मग मनाने तिने ताईची पिशवी भरायला घेतली: दोन स्वेटर, जपाची माळ, गुडघ्याचं तेल, भाच्याच्या लहानपणीचा फोटो. डोळ्यांत आलेलं पाणी मास्कच्या कडेत मुरलं.

पण मावशीचं डोकं खिडकीमागे घडलेलं. पिशवीत तेल ठेवता ठेवता ते म्हणालं, थांब. माणूस सगळ्यांत जास्त कशात चुकतो? बस कुठली होती, त्यात. वस्तू खरी असते, बस चुकीची असते. ताईने जिना स्वयंपाकघरात ठेवला. ठेवू दे. आणखी काय म्हणाली? ऊब. या कोनाड्यात एक टीचभर चूल. हिच्याने घरात ऊब येईना, तर जमिनीखाली कुठून येणार?

"मीटरवाले," ती म्हणाली, "इथे सगळ्यांत उबदार जागा कुठली होती हो?"

मीटरवाल्यांना या प्रश्नाची अपेक्षा नसावी. त्यांनी नाक पुसलं आणि विचार केला. "बॉयलर जिथे तिथे. म्हणजे धुलाईघर. सगळ्या बायका कपडे धुवायला तिथे जायच्या. पण ते आजच्या फेरीत नाही. तिथे मीटर फार बोलतं."

"बाहेरून बघते."

"बाहेरून काय दिसणार?"

"ते बाहेर गेल्यावरच कळेल की."

त्यांनी पहारेकऱ्याकडे बघितलं, पहारेकऱ्याने आभाळाकडे. तिघं निघाले.

*

वाटेत मीटरवाल्यांनी सांगितलं की या जमिनीचा घात केला तो एका पातळ द्रवाने. यंत्रं धुवायला वापरायचे. ग्रीस कितीही चिकट असो, हा ओतला की लोण्यासारखं वितळायचं. पाण्यासारखा स्वच्छ, वासाला जरा गोड. वापरून झाला की गटारात, गटारातून मातीत. माती प्यायली आणि अजून सोडते आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात, तळघरात जाऊन बसते आणि उठता उठत नाही.

गोड, हा शब्द ऐकला आणि मावशीच्या आत कुठेतरी कडी सरकली. वडिलांच्या अंगरख्याचा वास. आणि त्याच्यामागून आई, खांद्यावर तेलकट कपड्यांचं गाठोडं आणि हातात पत्र्याचा डबा. तो डबा प्रत्येक घरी असायचा. नवरा कारखान्यातून त्यातला द्रव भरून आणायचा, कारण कपड्यांवरचं ग्रीस साबणाला दाद देत नसे. ज्याच्या घरी डबा नाही, त्याला बायकोची किंमत नाही, असं बाया म्हणायच्या. आईच्या डब्याला तर वडिलांनी कडीसुद्धा बसवून दिली होती. म्हणजे मीटरवाले ज्याला घात म्हणत होते, तो तळावरच्या बायकांच्या दृष्टीने नवऱ्याचा मोठाच जिव्हाळा होता.

धुलाईघराच्या दारातच मीटर टिकटिकायचं सोडून सलग बोलायला लागलं. मीटरवाल्यांनी हनुवटीखालचा मास्क नीट नाकावर ओढला. तेव्हा पहिल्यांदा मावशीला थोडी भीती वाटली.

आत लांबलचक दगडी हौद, दोन ओळींत. टोकाला बॉयलर, गंजून तांबडा झालेला, एखादा म्हातारा हत्ती बसावा तसा. आणि बॉयलरच्या डाव्या बाजूला, धुळीत, एक चौकोनी लोखंडी झाकण.

मावशीने बोट केलं.

"ते होय," मीटरवाले म्हणाले. "बॉयलरच्या नळांची जागा असणार. नकाशावर आहे. उघडून कोणी बघितलेलं नाही."

"मग बघू या."

"उतरायचं नाही."

"मी कुठे उतरते म्हटलं? बघू या म्हटलं."

आता खरं सांगायचं तर मीटरवाल्यांनाही राहवत नव्हतं. इतके दिवस नुसती माती मोजणारा माणूस. कोणी त्यांना जिना दाखवला नव्हता. पहारेकऱ्याने कांब आणली, दोघांनी झाकण उचकटलं आणि मावशीला मागे उभं करून टॉर्च मारला.

जिना होता. दगडी नव्हे, लोखंडी, उभा. वरून पहिली पायरी, दुसरी पायरी, मग नुसती पोकळी आणि दोन्ही बाजूंना तुटलेल्या पट्ट्यांची टोकं. मग चौथी.

मावशीने हात जोडले. देवाला की ताईला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

मीटरवाल्यांनी मीटर दोरीला बांधून खाली सोडलं. ते अर्ध्यावर जायच्या आत असं केकाटलं की पहारेकरी दारापर्यंत मागे गेला. मग मावशीच्या हट्टापायी त्यांनी आपला फोन दिवा आणि कॅमेरा चालू करून, पारदर्शक पिशवीत गुंडाळून, तसाच दोरीने सोडला, फिरवला आणि वर ओढला. तिघांची डोकी त्या पडद्यावर टेकली.

खोली लहानशी. भिंती हिरव्या नव्हत्या, करड्या होत्या. मासे तांबडे नव्हते, पिवळे. विमानांवर पट्टे मारायच्या रंगाने कोणीतरी काढलेले. एका माशाला चष्मा होता. भिंतीला खुंट्यांची रांग, पण इतकी खाली की मोठ्या माणसाला वाकावं लागावं. जमिनीवर पोती अंथरलेली, कडेला एक लाकडी बाहुली, डोकं नसलेली.

"ही पोरांची खोली दिसतेय," मीटरवाले हळूच म्हणाले.

"हो," मावशी म्हणाली. "बाहेर हाडं गोठवणारी थंडी. बाया वर कपडे धुवायच्या, आणि पोरं खाली उबेला."

"रोज?"

"रोजच असणार. माझी बहीण. आणि मी."

मीटरवाल्यांनी मीटर बंद केलं. मघापासून ते शिंकले नव्हते. "बाई, बाया वर तो द्रव हौदात ओतत असतील. वाफ खाली जाते. सगळी इथेच..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "तुमच्या बहिणीला आता काही त्रास आहे का? डोक्याचा वगैरे?"

तळावरच्या सगळ्या आयांनी मिळून आपल्या लेकरांसाठी सगळ्यांत उबदार, सगळ्यांत सुरक्षित जागा शोधली होती, आणि तिसऱ्या पायरीवरून कोणी पडू नये म्हणून वरून ओरडत होत्या. यात पाप कोणाच्या पदरात टाकायचं? मावशी रोज देवापुढे बसणारी, पण तिला त्या क्षणी देवालाही काही विचारावंसं वाटलं नाही.

*

परतीच्या बसमध्ये मीटरवाल्यांनी पाठवलेले फोटो तिच्या फोनवर आले होते आणि ती ते उघडत नव्हती. जिना सापडला होता. ताई मनचं बोलत नव्हती. सोमवार रद्द. पण त्याच जिन्याच्या तळाशी ताईच्या आजाराचं मूळही असू शकत होतं. जिना सांगावा आणि वाफ गिळून टाकावी, तर ताई घरी राहील. कोणाला कळणार होतं? मीटरवाले काही चहाला यायचे नव्हते. आणि वाफही सांगावी, तर भाचा म्हणेल, बघ, म्हणजे डॉक्टर बरोबरच होते.

बस थांबली, चालली, पुन्हा थांबली. समोरच्या बाकावर कोणाचा तरी डबा राहिला होता. मावशीने तो उचलून कंडक्टरच्या हाती दिला, सवयीने आतही बघितलं, आणि मग तिचं ठरलं. डब्यातला चमचा काढून घेऊन डबा परत करत नाहीत.

रविवारी सगळे बसले होते. मावशीने आधी फोन ताईच्या हातात दिला. ताईने तो लांब धरला, जवळ धरला.

"हे मासे पिवळे कोणी केले?"

"ते पहिल्यापासून पिवळेच आहेत, ताई."

"छे. रंग उडाला असेल." मग ती एकदम म्हणाली, "अगं, हे धुलाईघर ना."

"तू तर स्वयंपाकघर म्हणत होतीस."

"मी? मी कशाला स्वयंपाकघर म्हणेन? स्वयंपाकघरात कोणी जिना ठेवतं का?"

"आई," सूनबाई म्हणाली, "फरश्या तुम्ही उकरल्यात."

"तुम्ही कोणी ऐकत नव्हता म्हणून उकरल्या," ताई म्हणाली आणि चष्मेवाल्या माशाकडे बघून हसायला लागली. "हा बॉयलरवाला बरं का. स्वतःलाच काढलंय त्याने. आम्ही ओरडलो की खाली वाकून याच्यासारखं तोंड करायचा."

भाच्याने आश्रमाचा नंबर काढला. "मावशी, जिंकलीस. सोमवार रद्द."

"थांब," मावशी म्हणाली. "अर्धंच दिलंय. बाकीचं ऐक, मग फोन कर."

तिने वाफेचं सांगितलं. डब्याचं, हौदाचं, दोरीला बांधलेल्या मीटरचं. काही गाळलं नाही. सांगून होईपर्यंत ताईनेसुद्धा फोन खाली ठेवला होता.

"म्हणजे आई खरं बोलतेय," भाचा म्हणाला, "आणि आजारीही आहे."

"असेल. नसेलही. मला जिना कळतो, आजार नाही."

"मग मी फोन करू की नको?"

त्याचा आवाज इतका लहान झाला होता की लहानपणी शाळेत पाटी हरवल्याचं सांगायला आलेला तो मावशीला आठवला. उत्तर सूनबाईने दिलं. ती म्हणाली, "सोमवारची सुट्टी आपण काढलीच आहे. आश्रमाऐवजी डॉक्टरांकडे जाऊ. त्यांना हे माहीतच नव्हतं, तर ते काय सांगणार होते? आणि मावशी, तुम्हीही चला. त्या खोलीत तुम्हीही होतात ना?"

आपल्यालाही तपासायला हवं, हे मावशीला सुचलंच नव्हतं. जन्मभर खिडकीच्या अलीकडे बसलेल्या बाईला पलीकडे उभं राहायची सवय नसते.

सोमवारी डॉक्टरांनी फोटो नीट बघितले, द्रवाचं नाव कुठून कळेल ते विचारून घेतलं आणि म्हणाले, हे मला आधी कळायला हवं होतं. तपासण्या करू. काही विसरणं वयाचं असेल, काही याचं, वेगळं करता येईल तेवढं करू. तोवर यांना ओळखीच्या घरातून हलवू नका. दुपारी सोबतीला कोणी असेल तर उत्तम.

"दुपारी मी असते," मावशी म्हणाली. "मला निवृत्तीनंतर काम तरी काय आहे? हे मी आधीच म्हणायला हवं होतं."

भाचा बाहेर जाऊन आश्रमाला नको म्हणून सांगून आला. आत आला तेव्हा डॉक्टर मावशीला विचारत होते, "आणि तुम्हाला त्या खोलीतलं काय आठवतं?"

"काही नाही. एक अक्षर नाही. मला तर अशी खोली होती हेच खरं वाटत नव्हतं."

"तिला कसं आठवेल?" ताई शेजारच्या खुर्चीवरून म्हणाली. ती आज खुशीत होती. "ती झोपायची. आम्ही पोरं खेळायचो, भांडायचो, आणि ही खाली उतरवली की लगेच झोप. सगळ्यांत लहान, म्हणून हिला पोत्यांवर अगदी तळाशी निजवायचे. बॉयलर बंद झाल्यावर आई उचलून वर न्यायची तरी जागी व्हायची नाही. सगळ्या बाया म्हणायच्या, लेकरू असावं तर असं गुणी."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी ताईच्या समोरची आपली खुर्ची उचलली आणि मावशीसमोर आणून ठेवली.